पूर्ण झालेल्या रस्त्याचा फोटो

१० जून, सोमवार

बारामतीत क्लासचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी चौदा जणांसमोर माझी शोभा झाली.

नसरीन मॅडमनी प्रत्येकाला एकेक जुना फोटो दिला. मला वरकुट्याच्या कुणा म्हाताऱ्याचा आला. मधोमध घडी पडलेली, गालावर बुरशी. घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून मी थोडं शिकले होते, म्हणून वाटलं आपण सगळ्यांच्या पुढं आहोत. क्लोन स्टॅम्प घेतला. म्हणजे फोटोतला चांगला भाग उचलायचा आणि खराब भागावर उमटवायचा. घडी घालवली, बुरशी घालवली, वीस मिनिटांत सेव्ह करून हात वर केला.

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलून बघितलं. "झकास. आता मला सांग, आजोबांचा एक कान कुठं गेला?"

गेला होता खरा. बुरशीबरोबर कानही पुसला गेला होता.

"हरकत नाही. मूळ फोटो उघड."

"मॅडम, ह्याच्यावरच केलं."

मग जे ऐकून घेतलं ते लिहीत नाही. मूळ फोटो मॅडमकडं दुसरीकडं होताच, पण हे त्यांनी अर्धा तास झापून झाल्यावर सांगितलं. वहीत पहिलं वाक्य त्यांनी स्वतः लिहायला लावलं: मूळ फोटोला हात लावायचा नाही. कॉपी करायची, तिच्यावर लेअर घ्यायचा, काम त्या लेअरवर करायचं. लेअर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच. चुकलं तर काच उचलायची, खालचा फोटो जसाच्या तसा.

येताना एसटीत काटेवाडीपर्यंत उभी होते. दादाला काय सांगू? रविंद्रदादानं, माझ्या चुलतभावानं, कुठल्याशा योजनेतून माझं नाव या क्लासला घातलं. तो आमच्या वस्तीचा ग्रामपंचायत सदस्य. वस्तीत पदवी झालेल्या पाच मुली आहेत आणि त्यानं माझंच नाव दिलं. आणि मी कान पुसून आले.

१४ जून

चिखल सुरू.

हे दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी तितकीच चिडते. ओढ्यापासून आमच्या वस्तीपर्यंत अर्धा किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता. दोन पाऊस झाले की चप्पल आत राहते आणि पाय वर येतो. गावात सिमेंटचे रस्ते, निरवांगीकडं जायला डांबरी, पण आमच्या वस्तीकडं वळलं की सरकार संपतं.

मी चप्पल हातात घेऊन ओढ्यापर्यंत जाते, तिथं पाय धुते आणि एसटी पकडते. आई तशीच कामाला जाते. पण आप्पांचं, माझ्या वडिलांचं, काय? लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला. बाजूला चाकं लावलेली स्कूटर आहे, मागं कुबडी खोचायला नळी. ती गाडी हेच त्यांचे पाय. गावातल्या चौकात त्यांची मिक्सर-पंखे दुरुस्तीची टपरी आहे, आणि आसपासच्या चार गावांत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. आज सकाळी गाडी घेऊन निघाले ते वीस पावलांवर रुतले. मी आणि आईनं मागं ओढून आणली. आता ऑक्टोबरपर्यंत गाडी दाराशी, टपरीला कुलूप आणि आप्पा ओट्यावर.

"चार म्हैनं सुट्टी," म्हणाले. "मोठ्या सायबालाबी न्हाय मिळत एवढी."

मला हसू आलं नाही. मला कुणाला तरी धरून बडवावंसं वाटतं. कुणाला ते कळत नाही, म्हणून घरात भांडी आपटते आणि आई माझ्यावर चिडते.

२४ जून

आज चेहऱ्याचा धडा. एका नवरीचा फोटो होता. मी तिची त्वचा इतकी गुळगुळीत केली की मॅडम म्हणाल्या, "ही नवरी आहे की प्लास्टिकची बादली?" सगळे हसले. मीपण हसले असते, पण तोवर मी तिच्या ओठाजवळचा तीळसुद्धा काढून टाकला होता आणि त्यावरून वेगळं बोलणं खाल्लं.

नियम लिहून घेतला. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते काढायचं. जे जन्मभर राहणार ते ठेवायचं. पुटकुळी जाते, तीळ राहतो. काळी मुलगी गोरी करून मागितली तर मॅडम उजेड वाढवतात, रंग बदलत नाहीत. गिऱ्हाईक तणतणत गेलं तरी बदलत नाहीत. कालच एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी दारातून परत पाठवलं.

बाई खडूस आहे. पण तिच्यासारखं काम आलं पाहिजे.

२ जुलै

आज दादा घरी आला, चिखलातून, बूट हातात घेऊन. आईनं चहा टाकला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. आमचाच रस्ता. आमच्या घराच्या कोपऱ्यावर उभं राहून ओढ्याकडं तोंड करून काढलेला. त्या दिवशी ऊन पडलं होतं, त्यामुळं चिखल चांगला चकाकत होता. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला आप्पांची गाडी.

"मेघे, ह्यो रस्ता सिमेंटचा करून दे."

"मी?"

"फोटोत गं! प्रस्तावाला जोडायचाय. रस्ता झाल्यावर कसा दिसंल त्ये दाखवलं की वरचं सायब लोक लगीच मंजूर करत्यात. नुसता चिखल दाखवून चौदा वर्सं झाली, कुणी बघितलं का?"

खरं आहे. चौदा वर्षं आप्पा अर्ज देतायत. त्यांच्याकडं पोचपावत्यांची एक पिशवी आहे, मिक्सरच्या खोक्यात ठेवलेली. कुणाच्या डोक्यात आलं नाही ते दादाच्या डोक्यात आलं. आणि ते करायला मी लागते! मला इतका अभिमान वाटला की मी चहात साखर घालायची विसरले.

आप्पा म्हणाले, "फोटूनं रस्ता मंजूर व्हतो व्हय?"

दादा म्हणाला, "आप्पा, आता जमाना फोटोचाच हाय."

८ जुलै

रस्ता करणं सोपं नाही! चार दिवस डोकं फिरलंय.

आधी सिमेंट कुठून आणायचं हाच प्रश्न. नेटवरचे फोटो घेतले तर रंग जुळेना, आमच्याकडच्या उजेडात ते परदेशी दिसतात. शेवटी क्लासच्या खाली गाड्या लावायची जागा आहे तिथं पालथी पडून सिमेंटचा फोटो काढला. वॉचमन बघत होता. मग तो तुकडा रस्त्यावर पसरायचा, पण रस्ता लांब जाईल तसा निमुळता होतो, त्याप्रमाणं सिमेंटही ओढून निमुळतं करायचं. मास्क लावून, म्हणजे सिमेंटचा तेवढा भाग झाकून, कडेचं गवत वर ठेवायचं. जवळचं खरखरीत, लांबचं पुसट. एवढं करूनही पहिल्यांदा असं दिसत होतं की कुणी चादर अंथरलीय. मी माऊस आपटला. मॅडमनी माऊसची किंमत सांगितली.

मग शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "कुठला रस्ता?"

"आमच्या वस्तीचा. होणारा."

"अरे वा. मग खांबाची सावली कुठं गेली? खाली नवीन थर टाकलास, त्याच्यात सावली बुडाली. ती परत वर काढ. लक्षात ठेव, सावली विसरलीस की चोरी पकडली जाते."

सावली वर घेतली आणि एकदम रस्ता जमिनीवर बसला. खरंच बसला. मी बघतच राहिले. त्या रस्त्यावरून आप्पा गाडी घेऊन चाललेत असं मला दिसलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तोंड धुवायला गेले.

१४ जुलै, रविवार

दादाचं समाधान होत नाही. आता म्हणतो तीन फोटो पाहिजेत. एकात नुसती खडी टाकलेली, दुसऱ्यात काम चालू, तिसऱ्यात पूर्ण. मी म्हटलं, प्रस्तावाला पूर्ण झालेला एक बास की. तर म्हणतो, "टप्प्याटप्प्यानं दाखवावं लागतंय. तुला न्हाय कळायचं त्यातलं."

नाही कळायचं! रात्रंदिवस डोळे फोडायला मी, आणि कळायचं नाही मला. आणि वर कटकट: कोपऱ्यातली तारीख आणि ठिकाणाची पट्टी तशीच ठेव, फक्त तारीख मी सांगतो ती टाक. कामाचा फलक घाल. दोन मजूर घाल, फावडं घेतलेले. "खरं वाटाया पायजे."

मजूर मी इंदापूर रस्त्यावरच्या एका कामावरून आणले, म्हणजे त्यांचे फोटो काढून आणले. एक जण मोबाइलकडं बघून हसत होता. त्याला उलटा फिरवला.

२६ जुलै

झालं. तिन्ही फोटो दादाला पाठवले.

शेवटच्याची करामत लिहून ठेवते, कारण हे मी केलं यावर पुढं माझाच विश्वास बसायचा नाही. दादा म्हणाला, नव्या सिमेंटवर पाणी मारतात, ते दाखव. मी रस्त्यावर पाण्याचं तळं केलं आणि त्यात आभाळ उलटं उतरवलं. खांबसुद्धा उलटा उतरवला. मॅडमना दाखवलं नाही, त्यांनी काहीतरी खोट काढली असती.

एक काम मात्र नको वाटत होतं. दादा म्हणाला, "ती गाडी काढ. मधीच काय दिसती त्ये." आप्पांची गाडी. क्लोन स्टॅम्पनं काढली. शेजारचं गवत उचलून तिच्यावर लावत गेले. आधी चाक, मग सीट, मग कुबडीची नळी. पाच मिनिटांचं काम. नको असलेली वस्तू काढणं हा आता माझ्या हातचा मळ आहे.

दादाचं उत्तर आलं: तीन अंगठे.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा होती. मी गेले नाही, क्लासमध्ये कार्यक्रम होता. वस्तीतलं कुणीच गेलं नाही म्हणे. दादा काल घरोघर सांगून गेला होता, "चिखलातनं कशाला येताय? मी हाय की तितं."

किती करतो तो आपल्यासाठी. आणि वस्तीत त्याला नावं ठेवणारे कमी नाहीत. आज पाण्यावर बायका कुजबुजत होत्या की दादानं नवी मोटरसायकल घेतली. घेतली तर घेतली! वस्तीतलं कुणी वर आलं की आपल्याच लोकांच्या पोटात दुखतं. मी तिथंच दोघींना सुनावलं.

३ सप्टेंबर

आप्पांशी भांडण.

ते एका पंख्याची कॉइल गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मेघा, त्या फोटूचं पुढं काय झालं?"

"प्रस्ताव वर गेलाय."

"दादा म्हनला?"

"हो."

"मग मोजमाप कराया कुणी आलं का न्हाय?"

"येतील की!"

"तारीक कशाला टाकली फोटूवर? जे अजून झालंच न्हाय त्याला तारीक कसली?"

मी चिडले. म्हटलं, चौदा वर्षं पावत्या जमवून तुम्ही काय मिळवलंत? दादानं काहीतरी केलं तर तुम्हाला संशय. आप्पा कॉइल गुंडाळत राहिले, फेरे मोजत. त्यांचं हे गप्प बसणं मला सहन होत नाही. ओरडावं तरी माणसानं.

१८ सप्टेंबर

आजचं क्रमानं लिहिते. 

आप्पांचा नवा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेले होते. त्यांनी स्वतः लिहिला होता, पंधरावा. मी म्हटलं प्रस्ताव गेलाय, कशाला? तरी त्यांनी हातात कोंबला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, मग माझ्याकडं बघितलं, मग कपाटातून फाइल काढली.

"ताई, हा रस्ता झालाय."

"कुठला?"

"हाच. ओढा ते वस्ती. जुलैत पूर्ण. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं. बिलही निघालं. मी इथं एक सप्टेंबरला बदलून आलोय, पण कागद सगळा पूर्ण आहे. हे बघा."

आणि त्यांनी मला माझाच फोटो दाखवला.

पाण्यात उलटं उतरलेलं आभाळ. उलटा खांब. इंदापूर रस्त्यावरचा तो मजूर, ज्याला मी फिरवलं. तिन्ही फोटो, खाली सह्या, शिक्के. आणि शेवटच्या फोटोत, सिमेंटच्या कडेला, एक सावली. दोन मोठी चाकं, बाजूची दोन बारकी, मागं कुबडी. गाडी मी काढली, तिची सावली काढायची राहिली. दोन महिने तो फोटो मी मोबाइलमध्ये बघतेय, लोकांना दाखवतेय, आणि मला दिसली नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "एकदा पूर्ण दाखवलेल्या कामाला परत इतक्यात मंजुरी मिळणं अवघड आहे." ते चांगलेच बोलत होते. मी विचारलं, "तुम्ही रस्ता बघितलाय?" तर म्हणाले, "फोटो आहे ना."

अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच सोडून बाहेर पडले. मी, जी एसटीत कंडक्टरशी भांडते. परत येताना त्याच रस्त्यावरून आले, गुडघ्यापर्यंत चिखलातून. पूर्ण झालेल्या रस्त्यावरून.

१९ सप्टेंबर

दादाच्या घरी गेले. चुलती दारात होत्या, म्हणाल्या बस, भाकरी खा. मी म्हटलं भाकरी नको, दादाला बोलवा.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चोर म्हटलं एवढं आठवतं. आप्पांच्या पायांवर सिमेंट ओतलंस असंही म्हटलं. दादानं सगळं ऐकून घेतलं, मग मला आत घेऊन दार लोटलं आणि हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मेघे, फोटो कुणी क्येला?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी सांगितलं ह्ये कुठं लिवलंय? फोटो तुजा, हात तुजा. जा, सांग गावाला. आदी तुजं नाव येईल, मग माजं." मग म्हणाला, "क्लासला कुणी घातलं तुला? पाच पोरी हुत्या. मी एकटा खाल्लंय का? वरपतूर सगळ्यास्नी द्यावं लागतंय. पुढच्या साली दुसऱ्या नावानं करून टाकतो की रस्ता. आनि त्या फायली असतील त्या उडवून टाक."

पाच पोरी होत्या. म्हणजे जूनपासून. मी कान पुसून आले त्या दिवशी ज्याच्यासमोर मला लाज वाटली, त्यानं त्याआधीच माझा हिशोब लावला होता. मी स्वतःवर इतकी कधीच चिडले नव्हते.

२० सप्टेंबर

आप्पांना सांगितलं. सगळं, एका दमात, त्यांच्याकडं न बघता.

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, "माजी गाडी तूच काडलीस?"

"हो."

"नीट निगाली का?"

"सावली राहिली."

त्यांना हसू आलं. खरंच हसले, पोट धरून. मी रडत होते आणि ते हसत होते. आई आतून आली आणि दोघांना वेड लागलं का विचारलं. मग ते थांबले आणि म्हणाले, "दोन आक्टोबरला ग्रामसभा हाय. तू बोल. केलंय तर सांगायचं बी तूच."

मी म्हटलं माझं नाव जाईल. म्हणाले, "जाऊ दे की."

२१ सप्टेंबर, शनिवार

लेअर असलेल्या फायली घरी नव्हत्या. दादाच्या सांगण्यावरून उडवल्या म्हणून नव्हे, मुळात घरी कॉम्प्युटरच नाही. सगळं क्लासच्या मशीनवर, आणि आमची बॅच संपली की मॅडम मशीन साफ करतात. पहिल्या एसटीनं गेले. बॅच काल संपली होती. मॅडम पुसायला बसल्याच होत्या, तीन मशीन झाली होती. माझं पाचवं.

सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "माझ्या क्लासच्या मशीनवर?" असं तीनदा म्हणाल्या. मला वाटलं आता हाकलतात. पण त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, मूळ फोटो, लेअर, सगळं उतरवून दिलं.

"तू हा रस्ता करत होतीस तेव्हा मी शेजारी बसून सावली विचारली. कशासाठी करतेस ते विचारलं नाही. अठरा वर्षं हे काम करतेय मी. विचारायला पाहिजे होतं." आणि मग परत आवाज चढला. "आणि ती गाडीची सावली! एवढी मोठी! काय शिकवलं मी तुला?"

एसटीत पुटकुळी आणि तिळाचा नियम आठवत होते. आमचा चिखल चौदा वर्षांचा आहे. तो तीळ होता आणि मी तो पुटकुळी समजून काढला.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दहाला सभा, शाळेच्या हॉलमध्ये. मी साडेनऊला पोचले, मॅडमनी दोन दिवसांसाठी दिलेला लॅपटॉप पोटाशी धरून. आप्पा म्हणाले, तू पुढं हो, मी गाडीवर येतो. मी म्हटलं, कसे येणार? आई म्हणाली, जा तू.

विषय संपत आले तरी मला बोलू देईनात. विषयपत्रिकेत नाही म्हणे. मी उभीच राहिले. शेवटी सरपंच म्हणाले, बोला दोन मिनिटं. मी लॅपटॉप शाळेच्या टीव्हीला जोडला.

आधी पूर्ण झालेला रस्ता दाखवला. लोक म्हणाले, चांगलाय की. वस्तीतले दहाबारा जण मागं उभे होते, ते ओरडले, कुठं हाय ह्यो? मी म्हटलं, कुठंच नाही. हा मी केलाय.  मग एकेक लेअर बंद करत गेले. आभाळ गेलं. पाणी गेलं. मजूर गेले. सिमेंट गेलं. आप्पांची गाडी परत आली. आणि खाली चिखल, चकाकत.

लोक माना उंचावून टीव्हीकडं बघत होते. मला वाटलं झालं, जिंकलं.

दादा पहिल्या रांगेत होता. सावकाश उठला. मला म्हणाला नाही, सभेला म्हणाला, "हुशार पोरगी हाय आमची. सगळं येतंय तिला. सिमेंट घालाया येतंय म्हंजी चिखल बी घालाया येतोय. ह्यातला खरा कंचा, सांगा तुमीच!"

लोक हसले. आमच्या वस्तीतलेसुद्धा दोघे हसले. मी ओरडले की रस्ता अर्ध्या किलोमीटरवर आहे, उठा आणि बघा! सरपंच घड्याळाकडं बघत होते. कुणी उठलं नाही. मी मूळ फोटो उघडला, हा मोबाइलनं काढलेला आहे म्हणाले, तर मागून कुणीतरी म्हणालं, त्योबी एडिट. माझ्याकडं दाखवायला आणखी काही उरलं नव्हतं. जे मी शिकले त्यानंच माझं तोंड बंद केलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज.

आप्पा. सकाळी साडेनऊला निघालेले, साडेबाराला पोचले. आई आणि वस्तीतल्या सहा बाया मागून ढकलत होत्या, कमरेपर्यंत भरलेल्या. गाडीची चाकं दिसत नव्हती, नुसते चिखलाचे गोळे. आज सभा म्हणून आप्पांनी पांढरा सदरा घातला होता. त्याचं काय झालं होतं ते लिहीत नाही. त्यांनी गाडी शाळेच्या उताराच्या वाटेनं सरळ हॉलमध्ये आणली. फरशीवर तीन पट्टे उमटले. टीव्हीवर फोटोतली गाडी आणि समोर ही. कुणी हसलं नाही.

ते रस्त्याबद्दल बोललेच नाहीत. भाऊसाहेब रामराम म्हणाले, तर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "रामराम नको, जय भीम. मला उशीर झाला. हजेरीत माजं नाव लिवा."

भाऊसाहेबांनी लिहिलं.

"आता का उशीर झाला त्ये लिवा."

सरपंच म्हणाले, "श्रीपतराव, ते कशाला?"

"तुमच्या कागदावर रस्ता पूर्न हाय. मी वस्तीतनं निगालो साडेनवाला. सिमेंटच्या रस्त्यानं अर्ध्या किलोमीटरला तीन तास लागत न्हाईत. मंग मला का लागलं, तेवढंच लिवा. बाकी मी काय बी मागत न्हाय."

भाऊसाहेब नवे आहेत, तरणे आहेत. त्यांनी सरपंचांकडं बघितलं, दादाकडं बघितलं, फरशीवरच्या पट्ट्यांकडं बघितलं. मग लिहिलं, आणि आप्पा म्हणाले म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं: "श्री. श्रीपती हे ओढा ते वस्ती रस्त्यावरील चिखलामुळे सभेस अडीच तास उशिरा पोहोचले."

मग मी माझं लेखी दिलं. तिन्ही फोटो मी बनवले, रविंद्र यांच्या सांगण्यावरून. नाव, सही, तारीख. दादा तोवर निघून गेला होता.

५ ऑक्टोबर

गावात माझं नाव "एडिटवाली" पडलंय. चुलती रस्त्यात भेटल्या, तोंड फिरवून गेल्या. त्यांचं मला वाईट वाटतं, त्यांनी कधी मला उपाशी जाऊ दिलं नव्हतं. दादाचं अजिबात वाटत नाही.

आई म्हणते आता तरी शांत हो. का होऊ? मजुराचा चेहरा फिरवला मी. आप्पांना गवतानं झाकलं मी. शांत कशाला व्हायचं? इतिवृत्ताच्या त्या पानाची झेरॉक्स मागून आणली. आप्पांनी ती पोचपावत्यांच्या पिशवीत ठेवली, सगळ्यात वर.

९ ऑक्टोबर, बुधवार

इंदापूरहून फोन आला. पंचायत समितीच्या साहेबांच्या ऑफिसातून. बोलणारा माणूस घाईत होता.

"तुमच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आलंय. रस्त्याबाबत तक्रार आहे ना? असं करा मॅडम, सध्याच्या रस्त्याचे तीनचार चांगले फोटो याच नंबरवर पाठवा. लोकेशन, तारखेसकट. म्हणजे इथूनच पुढची कार्यवाही करता येईल."

आप्पा ओट्यावर गाडीच्या चाकातला वाळलेला चिखल स्क्रूड्रायव्हरनं काढत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "साहेब, फोटो मिळणार नाहीत. या."

"अहो, पण..."

"या. आणि येताना दुसरे कपडे घेऊन या."